उजव्या कोपऱ्यातलं पांढरं घर

१

आमच्या धंद्यात माणूस गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलत नाही, आरशातून बोलतो. गिऱ्हाईक खुर्चीत, मी त्याच्या पाठीशी, आणि सगळ्या गप्पा समोरच्या काचेत. उभा जन्म असा गेला, त्यामुळे आरशात डावं-उजवं कुठे जातं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आमच्या काचेच्या दारावर बाहेरून ‘केशकर्तनालय’ असं रंगवलंय. आतून बघाल तर ती अक्षरं उलटी दिसतात, आणि आरशात बघाल तर पुन्हा सुलटी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच की याला भास झाला. म्हणू दे. पण आरशाच्या बाबतीत मला शिकवायला येऊ नका.

दुकान दोन खुर्च्यांचं. दाराजवळची माझी, आतली दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दोन्ही खुर्च्यांच्या मधे एक उंच स्टूल आणि त्यावर बुद्धिबळाचा पट. नियम दादाने घालून दिलेला: एक गिऱ्हाईक, एक चाल. आपलं गिऱ्हाईक उठलं की कापड झटकायचं, खाली पडलेले केस लोटून काढायचे आणि मगच मोहऱ्याला हात लावायचा. गिऱ्हाईक आलं नाही तर चाल नाही, मग सबंध दुपार माशा मारत बसावं लागलं तरी चालेल. मला चाल सुचलेली असायची आणि हात शिवशिवत असायचा. दादा खुशाल वस्तऱ्याला धार लावत बसायचा.

पांढरी मोहरी कायम माझी. "तू धाकटा, पहिली चाल तुझी," असं तो म्हणायचा, आणि वर मिशीत हसायचा. मला पहिल्यापासून हल्ल्याची हौस. राजासमोरचं प्यादं मी धाडकन दोन घरं पुढे टाकायचो. दादा वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं एक घर सरकवायचा. एकच घर. आमच्याकडे केस कापायला येणारे गणिताचे मास्तर म्हणायचे, याला कारो-कान बचाव म्हणतात, ही भिंत आहे, डोकं आपटून घेऊ नका. मी इमानेइतबारे आपटत राहिलो. एकतर डाव बरोबरीत सुटायचा, नाहीतर मी हरायचो. हरलो की दादा मोहरी गोळा करता करता एवढंच म्हणायचा, "घर उघडं टाकून लढायला गेलास, दुसरं काय होणार?"

२

दादा जाऊन वर्ष होत आलं. खुर्चीतच गेला, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. मी केर लोटत होतो आणि त्याच्याशी बोलत होतो. तो उत्तर देत नव्हता, पण तसा तो पुष्कळदा देत नसे.

त्यानंतर दुकानात जी शांतता झाली ती मला सोसवत नव्हती. मी रेडिओ आणला, तो बंद केला, परत लावला. घरी जाऊन तरी काय करणार? लग्न केलं नाही. दादा आणि वहिनी हेच घर. वहिनी आता लेकीकडे राहायला गेल्या होत्या, लांब, दुसऱ्या गावी. पुतणीने माझ्यासाठीही खोली काढून ठेवली होती. खिडकीला पडदे लावून झाले, काका कधी येतोय, असं ती फोनवर विचारायची. ऐकून मला भरून यायचं आणि मी काहीतरी भलतंच बोलून फोन ठेवायचो.

वहिनी एकदा दुकानात आल्या. दादाच्या खुर्चीत बसल्या नाहीत, दाराशीच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आता कशासाठी थांबलाय? दिवसाला चार डोकी येत नाहीत."

"एक डाव राहिलाय वहिनी. दादाचा बचाव एकदा फोडतो, मग शटर ओढतो आणि येतो."

"फोडणार कुणाचा? हे गेले ना."

"त्याच्या चाली मला पाठ आहेत."

त्या आत आल्या. मग पदराने स्टुलावरची धूळ पुसत म्हणाल्या, "मग जिंका आणि या. तिकडे आम्ही दोघीच जेवायला बसतो. तिसरं ताट असलं की बरं वाटेल."

ते ताट मला हवं होतं, हे मी लपवत नाही. पण हरून त्या ताटावर बसायचं नव्हतं. त्याच दुपारी मी स्टूल उचललं आणि आरशाला टेकवून ठेवलं. काळी मोहरी काचेकडे, पांढरी माझ्याकडे. एका गिऱ्हाइकाची पांढरी चाल, पुढच्या गिऱ्हाइकाची काळी. समोर कुणी नाही म्हणण्यापेक्षा काचेतलं आपलंच थोबाड बरं, असा हिशेब होता.

३

सुरुवात कुठली निवडायची हा खरा प्रश्न. मास्तर खुर्चीत बसले होते, मी कात्री चालवत होतो, आणि दोघांची आरशातून मसलत चालली होती.

"मधलं प्यादं पुढे दामटलं तर?" मी म्हणालो.

"तो आधी उंट बाहेर काढेल आणि मग आतून कडी घालेल. तुमचे दादा तेच करायचे."

"मारामारी करून पट मोकळा केला तर?"

"मोकळा झाला की त्यालाही हवा लागते. तुम्हाला त्याला गुदमरवायचंय ना?" मास्तर डोळे मिटून विचार करत होते. "एक आहे. तिसऱ्या चालीला राजाकडच्या उंटासमोरचं प्यादं एक घर सरकवा. मधल्या प्याद्याला टेकू मिळतो आणि पुढे त्याच बाजूने त्याच्या किल्ल्यावर चालून जाता येतं. फँटसी म्हणतात त्याला."

"नाव झकास आहे."

"नाव झकासच असतं हो. पण तुमच्या राजाच्या पुढ्यातलं दार सताड उघडं पडतं. घट्ट खेळणाऱ्यापुढे असलं धाडस म्हणजे... बघा बुवा."

मी कसला बघतोय. मास्तर उठले, मी कापड झटकलं, केर लोटला आणि राजाचं प्यादं दोन घरं टाकलं. त्यानंतर एकेक गिऱ्हाईक येत गेलं, एकेक चाल पडत गेली. दादाच्या बाजूने खेळताना मी दादासारखाच खेळत होतो. उंटासमोरचं एक घर. वजिरासमोरचं दोन. मग राजासमोरचं एक. भिंत उभी राहिली. राजाला कोपऱ्यात नेऊन प्याद्यांच्या आड बसवायचं, याला आम्ही किल्लेकोट म्हणतो. काळ्याने तो वेळेवर केला. माझा राजा मधोमध उघड्यावर तसाच उभा होता. माझा हत्ती उजव्या कोपऱ्यातून सरळ त्याच्या किल्ल्यावर रोखलेला होता, तो मी कशाला हलवू?

अशाच एका दुपारी मी आरसा पुसत होतो. ओला कागद फिरवता फिरवता आरशातल्या पटाकडे लक्ष गेलं आणि हात थांबला.

बुद्धिबळाचा पट मांडायचा पहिला नियम असा, की खेळणाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. माझ्या उजव्या कोपऱ्यात पांढरं घर होतं, आणि त्यावर माझा हत्ती. आरशातल्या माणसाचं डावं-उजवं बदललेलं असतं, तेव्हा त्याच्या उजव्या कोपऱ्यात काळं घर दिसायला हवं. रोज दिसायचं. त्या दुपारी तिथे पांढरं होतं.

आरशातला पट बरोबर मांडलेला होता.

४

मी आधी स्वतःला शिव्या घातल्या. मग चष्मा पुसला. मग आठवलं की मान दाखवायचा हातआरसा मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. एका आरशातलं दुसऱ्यात दिसलं की उलट्याचं सुलट होतं, हे मी हजार गिऱ्हाइकांना समजावलंय. सुटलो म्हणून हसलोसुद्धा. मागे वळून बघितलं तर हातआरसा खिळ्यावर होता, पण पाठ बाहेर करून. काच भिंतीकडे होती.

दारावरची अक्षरं आरशात पाहिली. सुलटी, रोजच्यासारखी. मी डावा हात वर केला, त्याने बरोबर समोरचाच हात वर केला. माझा भांग डाव्या बाजूला, आरशात त्याचा उजवीकडे, म्हणजे तोही ठीक. दादाची खुर्ची जागच्या जागी. सगळं आरशात असावं तसं होतं, पट सोडून. पट उलटा असायला हवा होता आणि नव्हता. आरशात उलटं न दिसणारी वस्तू एकच असू शकते, जी आरशात दिसत नसून पलीकडे ठेवलेली आहे. हा विचार मी लगेच बाजूला सारला. दुपारी जेवलो नव्हतो, त्यामुळेही असेल.

पण खोटं कशाला सांगू, भीतीच्या आधी मला बरं वाटलं होतं. वर्षभर त्या दुकानात माझ्याशिवाय कुणीही काहीही हलवलेलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी पट मांडून बसलंय, निदान तेवढं तरी.

मी काचेला हात लावला. गार होती. हळूच म्हणालो, "दादा?"

आरशातल्या माणसाचे ओठ माझ्याबरोबर हलले. जरासे मागून हलले असं मला वाटलं, पण ते मी शपथेवर सांगणार नाही.

५

मास्तर महिन्याने आले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसवलं, कापड बांधलं आणि डाव्या बाजूपासून सुरुवात केली. डाव आता ऐन रंगात होता. माझी प्यादी काळ्याच्या किल्ल्याला भिडली होती आणि एक उंट बळी दिला की भगदाड पडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. गिऱ्हाईक तेवढं हवं होतं, आणि ते खुर्चीत बसलेलं होतं.

मास्तर आरशातून पट बघत होते. "मांडणी मात्र बरोबर आहे तुमची," ते म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात पांढरं घर. पोरांना शिकवताना मी पहिलं हेच तपासतो, निम्मी चुकतात."

माझी कात्री थांबली.

"आणि शेवटी किल्लेकोट केलात, हे फार शहाणपणाचं केलंत," मास्तर म्हणाले. "राजा कसा छान आत जाऊन बसलाय."

"मी किल्लेकोट केलेला नाही, मास्तर."

"अहो केलाय की, हा काय." त्यांनी कापडाखालून हात काढून आरशाकडे बोट दाखवलं. मग मान वळवून खऱ्या पटाकडे पाहिलं. तिथे माझा पांढरा राजा मधोमध उघडा उभा होता. ते पुन्हा आरशाकडे वळले, पुन्हा पटाकडे. गणिताचा माणूस. त्यांना काय कळलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या मानेवर काटा आलेला मला दिसला, कारण ती मान माझ्या हाताखाली होती.

"राहू दे आज," म्हणत ते उठले. स्वतःच कापड सोडलं.

"अहो, एकच बाजू झालीये! लोक हसतील."

"हसू देत. उद्या येतो." दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "डाव मोडा तो. घरी जा." आणि एका बाजूचे केस बारीक, दुसऱ्या बाजूचे कानावर आलेले, असे ते भर दुपारी रस्त्याने निघून गेले.

६

मी एकटा उरलो. खुर्चीत कापड पडलं होतं आणि जमिनीवर मास्तरांचे पांढुरके केस.

आता प्रश्न असा की अर्धं गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक धरायचं की नाही. दादा असता तर त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं. मला सगळं समजत होतं. घरी जा, असं एका शहाण्या माणसाने सांगितलं होतं. पण घरी जायचं म्हणजे वहिनींकडे, आणि वहिनींकडे जायचं ते जिंकून, आणि जिंकणं एका चालीवर आलं होतं. तिकडे खिडकीला पडदे लावून झाले होते. मी किती दिवस थांबणार? कापड तसंच टाकलं, केरही लोटला नाही आणि उंट उचलून किल्ल्यासमोरच्या प्याद्यावर आदळला.

एकदा नियम मोडल्यावर पुढचं काही उरलं नाही. काळ्या राजाने उंट मारला. घोडा शह देत आला. राजा मागे सरला. दोन्ही हातांनी मी भराभरा खेळत सुटलो, एका हाताने मारत, दुसऱ्याने मरत. भिंत फुटली. कोपऱ्यातला माझा हत्ती मोकळ्या रांगेतून थेट आत शिरला, मागून वजीर गेला, आणि काळ्या राजाला जायला जागा राहिली नाही.

मात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, फोडला रे!" असं मी मोठ्याने ओरडलो. माझा हात अजून पटावर होता, काळ्याच्या पार शेवटच्या घरांत, काचेला जवळजवळ टेकलेला.

मग वर पाहिलं.

आरशातला माणूस पटाशी नव्हता. तो खुर्चीजवळ उभा होता. त्याने कापड उचललं, दाराकडे जाऊन झटकलं, घडी घातली. कोपऱ्यातली केरसुणी घेऊन खालचे केस लोटले, सुपलीत भरले, डब्यात टाकले. कसलीच घाई नाही. मग तो पटाशी आला, माझ्यासमोर बसला आणि त्याने एक चाल केली.

कुठली ते मला दिसलं नाही. त्याच्या मनगटाने पट झाकला होता.

७

मी किती वेळ तसा बसलो कोण जाणे. बाहेर ऊन होतं. भानावर आलो तेव्हा पहिलं हे जाणवलं की जमीन स्वच्छ आहे. मास्तरांचा एकही केस खाली नव्हता.

हाताला सवय असते, म्हणून मी मोहरी पुन्हा मांडायला घेतली. हत्ती, घोडे, उंट. पांढरा वजीर नेहमी पांढऱ्या घरात बसतो. माझ्या हाताने तो रोजच्या जागी ठेवला आणि खालचं घर काळं निघालं. उजव्या कोपऱ्यात पाहिलं. काळं.

पट चुकीचा लागलाय, एवढंच. पोरंसुद्धा करतात ही चूक. मोहरी काढली आणि पट एका बाजूने वळवला, म्हणजे कोपऱ्याचा रंग बदलतो, बदलायलाच हवा. काळं. पुन्हा वळवला. काळं. मी तो गरागरा फिरवत राहिलो आणि माझ्या उजव्या हाताशी दर वेळी काळंच घर येऊन थांबत राहिलं.

तेव्हा मी दाराकडे वळलो, रस्ता दिसावा, एखादा चालता माणूस दिसावा म्हणून. काचेवर ‘केशकर्तनालय’ असं लिहिलेलं होतं. मी आत उभा होतो आणि मला ते सरळ वाचता आलं.

दार उघडलं नाही. खरं सांगायचं तर ते ढकलून बघायला मला फार वेळ लागला, कारण अक्षरांपलीकडे रस्ता असावा तेवढा खोल नव्हता.

८

वहिनी आल्या त्या आरशाच्या काचेपलीकडे. त्यांच्या मागच्या दारावर अक्षरं उलटी होती, इतकी वर्षं माझ्या मागे असायची तशी. हातात पिशवी, अंगावर प्रवासाची साडी. आवाज ऐकू येत होता, पण शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"झाला का डाव, भाऊजी?"

"झाला," तो म्हणाला. माझ्याच आवाजात, माझ्याच घाईने.

"कोण जिंकलं?"

"मीच की. तुमचा विश्वास नव्हता ना?"

वहिनी हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी काचेवर दोन्ही तळवे मारले, जिवाच्या आकांताने हाका मारल्या. त्याने पट मोडला, मोहरी पेटीत भरली. माझ्या हातांशीही मोहरी होती, ती मात्र तशीच उभी राहिली.

वहिनी त्याच्याकडे मान तिरकी करून बघत होत्या. माझ्या डोक्यावर त्यांनी किती वर्षं तेल घातलंय, त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्यांना कळेल असं वाटलं.

"भांग बदललात?" त्या म्हणाल्या.

"जरा बदल म्हणून."

"बरा दिसतो. ह्यांच्यासारखा वाटतो." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "चला. ती वाट बघत असेल, तीन पानं घेणार आहे म्हणाली."

तो दिवा घालवायला वळला तेव्हा एकदाच त्याने आरशात पाहिलं. गिऱ्हाईक उठल्यावर मी पाहतो तसं, काम नीट झालंय ना एवढंच बघायला. मग शटर खाली आलं.

त्यांच्या बाजूला अंधार झाला. माझ्या बाजूला उजेड आहे, दुपारचा, तो हलत नाही. मी कापड झटकून घडी करून ठेवलंय. जमीन पुन्हापुन्हा लोटतो, केर निघत नाही. पट मांडलेला आहे. या वेळी मी घाई करणार नाही, राजाला आधी घरात घेईन, उंटासमोरचं प्यादं एकच घर सरकवेन. सगळं सुचलेलं आहे. पण नियम आहे, एक गिऱ्हाईक, एक चाल. मी दाराकडे तोंड करून खुर्चीशी उभा आहे.